सात घरांची झिपरी

दिवाळी अंकासाठी इतिहासावर काहीतरी लिही, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी हात जोडले. शिवकाल आणि पेशवाईवर अधिकाराने लिहिणारी माणसं आपल्या मंडळात आहेत. मी पडलो पुण्याचा कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटासाठी डार्मश्टाटला येऊन कन्सल्टिंग करणारा. माझा इतिहासाशी संबंध दहावीच्या सनावळ्यांपुरता. पण यंदा आमच्या घरात इतिहास चक्क चार पायांनी चालत आला आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या घरी गेला. त्याच्यामागे वाचत वाचत मी जिथवर पोचलो, ते तुमच्यापुढे मांडतो. गोड मानून घ्या.

फेब्रुवारीतला शनिवार होता. आम्ही राहतो डार्मश्टाटच्या उत्तरेला, क्रानिखश्टाइनला. रिकाम्या बाटल्या टाकायला मी आणि माझी सहा वर्षांची लेक कोपऱ्यावरच्या कंटेनरपाशी गेलो. (रविवारी बाटल्या टाकल्या तर शेजारी काय म्हणतील हे जर्मनीत राहणाऱ्यांना सांगायला नको!) कंटेनरच्या मागे एक केळ्यांचा खोका होता, आणि आतून बारीकसा आवाज येत होता. उघडून बघतो तर आत एक मांजरी. राखाडी रंग, खारीसारखी झुबकेदार शेपूट, आणि अंगावर केसांच्या नुसत्या जटा. काखेत आणि पोटाखाली तर गुंता इतका घट्ट झाला होता, की तिला पाय धड टाकता येत नव्हता. "बाबा, झिपरी!" असं लेक म्हणाली आणि बारसं तिथेच उरकलं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दात बघून वय आठ-नऊ महिने सांगितलं. मानेवरून यंत्र फिरवलं, पण चिप नव्हती. गुंता सुटण्यासारखा नव्हताच, म्हणून पोटाखालचे केस मशीनने काढले. घरी आली तेव्हा झिपरी वरून राणीसरकार आणि खालून भादरलेली मेंढी दिसत होती.

त्या रात्री आईचा पुण्याहून फोन आला. सगळी हकीकत ऐकून ती म्हणाली, "मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं रे. ही तुझ्याकडे कितव्या घराला आली कुणास ठाऊक!"

आईचं हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. खरंच, ही बया आली कुठून? आणि इतके लांब केस हिला दिले कुणी?

पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र माझ्या धंद्याच्या भाषेत मिळालं. केस ठरावीक लांबीला पोचले की 'आता पुरे' असा निरोप देणारं एक जनुक असतं, त्याचं नाव एफजीएफ-५. मांजरांमध्ये या जनुकात बिघाड झाला की तो निरोप पोचत नाही आणि केस वाढत राहतात. २००७ साली संशोधकांनी असे चार वेगवेगळे बिघाड शोधून काढले. म्हणजे प्रोग्रॅममध्ये लूप थांबवायची अट चुकली की जे होतं, तेच. गंमत म्हणजे हा बिघाड आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. आखूड केसांच्या दोन साध्या मांजरांच्या पोटी अचानक एखादी झिपरी जन्माला येते ती अशी. तेव्हा लांब केस म्हणजे उंची वंशावळ, हा आपला गैरसमज.

पण याच बिघाडाने मांजरांचं नशीब पालटलं. आखूड केसांची मांजरं गलबतांतून, धान्याच्या कोठारांतून आपली आपण जगभर पसरली. लांब केसांची मांजरं मात्र माणसांनी हातात धरून, भेट म्हणून, सौदा म्हणून या घरातून त्या घरात नेली. त्यांच्या प्रवासाची नोंद त्यामुळे पत्रांतून आणि पुस्तकांतून सापडते. आणि ती नोंद शोधता शोधता मी चक्क आपल्या कोकण किनाऱ्यावर येऊन पोचलो!

पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा रोमचा एक खानदानी गृहस्थ १६१४ साली पूर्वेच्या प्रवासाला निघाला. बगदादला त्याने मानी नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि तिला घेऊन इराणात गेला. तिथे इस्फहानहून १६२० साली लिहिलेल्या पत्रात त्याने खोरासान प्रांतातल्या मांजरांचं वर्णन केलं आहे. राखाडी रंग, रेशमासारखे लांब केस, पाठीवर वळवून घेतलेली खारीसारखी झुबकेदार शेपूट. वाचताना मी मान वर करून सोफ्यावर बघितलं. चारशे वर्षांपूर्वीचं वर्णन तिथे पाय चाटत बसलं होतं! अशा मांजरांच्या चार जोड्या रोमला न्यायचा आपला बेतही त्याने कळवला आहे.

पण मला खुर्चीतून उठवलं ते त्याच पत्रातल्या दुसऱ्या एका उल्लेखाने. तो लिहितो, की ही मांजरं पोर्तुगीजांनी इराणातून पार हिंदुस्थानापर्यंत नेली आहेत. म्हणजे रोमला न्यायचा बेत अजून शिजत होता, तेव्हा लांब केसांची मांजरं हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज घरांत पोचलीसुद्धा होती. आपल्याकडे 'पर्शियन कॅट' हे अलीकडचं श्रीमंती खूळ आहे असं मी समजत होतो. ते खूळ निदान चारशे वर्षांचं निघालं.

देल्ला व्हाल्लेची पुढची गोष्ट चटका लावणारी आहे. १६२१ च्या डिसेंबरात मानी इराणच्या किनाऱ्याजवळ वारली. तिला परक्या मातीत ठेवायला त्याचं मन होईना. तिचा देह मसाले भरून त्याने पेटीत बंद केला आणि ती पेटी बरोबर घेऊन तो पुढे निघाला. सांभाळायला घेतलेली एक अनाथ जॉर्जियन मुलगीही त्याच्याबरोबर होती. सुरतेला उतरून, किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे येत एप्रिल १६२३ मध्ये तो गोव्यात पोचला. चौलही त्याने पाहिलं. अखेर १६२६ साली तो रोमला परतला आणि मानीला आपल्या घराण्याच्या दफनभूमीत जागा दिली. आपल्या माणसाला आपल्या घरी पोचवायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी पाच वर्षं खर्ची घालणारा हा माणूस. त्याने मांजरांच्याही प्रवासाची काळजी केली असेल, असं मला आपलं वाटतं.

त्याच सुमारास फ्रान्सच्या दक्षिणेला, एक्स या गावी पेरेस्क नावाचे एक विद्वान होते. गॅलिलिओशी आणि चित्रकार रुबेन्सशी त्यांचा पत्रव्यवहार. मृग नक्षत्रातला तेजोमेघ त्यांनी १६१० साली दुर्बिणीतून पाहिला होता. या पेरेस्कनी लेव्हांटमधून, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडून, लांब केसांची मांजरं मागवली. ग्रंथालयात उंदीर होऊ नयेत हे निमित्त. मग पिल्लं झाली, आणि पेरेस्कना कळलं की युरोपातल्या बड्या मंडळींना या पिल्लांचा भलता मोह आहे. झालं! एखाद्याकडची दुर्मिळ जुनी वस्तू हवी असली, की पेरेस्क मध्यस्थाला कळवायचे, लागलंच तर त्याला एक पिल्लू कबूल कर. मांजराच्या पिल्लासाठी घर शोधायचं काम इतिहासात इतक्या फायद्यात बहुधा दुसऱ्या कुणी केलं नसेल.

आता पुण्याकडे या. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे नाव आपल्याला परिचयाचं आहे. खडकीच्या लढाईच्या वेळचा पुण्याचा ब्रिटिश रेसिडेंट, नंतर मुंबईचा गव्हर्नर. त्याच्या नावाचं कॉलेज आहे, रेल्वे स्टेशनही होतं (२०१८ पासून ते प्रभादेवी झालं). हा एल्फिन्स्टन १८०८-०९ मध्ये शहा शुजाच्या भेटीला पेशावरला गेला होता. त्या अनुभवावरचं काबूलच्या राज्याविषयीचं त्याचं जाडजूड पुस्तक तो पुण्याला रेसिडेंट असताना, १८१५ साली, लंडनमध्ये छापलं गेलं. त्यात घोडे, उंट, मेंढ्या यांच्या जोडीला मांजरांचाही उल्लेख आहे. तो म्हणतो, की 'बुराक' नावाची लांब केसांची मांजरं अफगाण मुलखातून मोठ्या संख्येने बाहेर पाठवली जातात. सगळीकडे त्यांना इराणी म्हणतात खरं, पण इराणात ती फारशी नाहीत आणि तिथून बाहेर तर जवळजवळ जातच नाहीत!

हे वाचून मला हसू आलं. इथे ऑफिसात मला गेली नऊ वर्षं 'आमचा बंगलोरवाला' म्हणतात. मी बंगलोरला दोनदा गेलोय, दोन्ही वेळा विमान बदलायला. एकदा लेबल चिकटलं की चिकटलं, मग ते मांजर असो की इंजिनिअर.

१८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि लांब केसांच्या मांजरांना 'जात' चिकटली. वंशावळी लिहिल्या जाऊ लागल्या. चेहरा चपटा, आणखी चपटा करत नेला. आज अनेक पर्शियन मांजरांना नीट श्वास घेता येत नाही तो याच हौसेपायी. जर्मन प्राणिरक्षण कायद्यात अशा पैदाशीवर बंदी आहे, तिला इथे 'क्वालत्सुख्ट' म्हणतात, म्हणजे यातना देणारी पैदास. आमच्या झिपरीचं नाक मात्र चांगलं लांब होतं. तेवढीच तिची गरिबी कामाला आली.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललं होतं. मार्चमध्ये लेकीला रात्री धाप लागली.

पहिल्यांदा सर्दी वाटली. दुसऱ्यांदा आम्ही तिला घेऊन मध्यरात्री दवाखान्यात गेलो. तपासण्या झाल्या. मांजराची अ‍ॅलर्जी, आणि दम्याची सुरुवात. "केस आणखी बारीक कापले तर?" असं मी वेड्यासारखं विचारलं. डॉक्टरांनी समजावलं, की दोष केसांचा नाहीच. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत एक प्रथिन असतं, ते अंग चाटताना केसांना लागतं आणि घरभर पसरतं. आखूड केसांचं मांजर असतं तरी हेच झालं असतं. मांजर घरातून हलवा, एवढाच सल्ला त्यांनी दिला.

लेक इनहेलर हातात धरून म्हणाली, "मी श्वास हळू घेईन, पण झिपरीला सोडू नका."

'सोडू नका' हा शब्द मला लागला, आणि त्याचं कारण जुनं आहे. चिपळूणजवळ माझं आजोळ. मी आठ वर्षांचा असताना तिथे एक बोका फार मस्तीला आला होता. दूध सांडायचा, कोंबडीची पिल्लं पळवायचा. एक दिवस आजोबांनी त्याला गोणपाटात घालून मामाच्या सायकलला बांधलं. गोणपाटाचं तोंड धरायला मागे बसलो होतो मी. वाशिष्ठीच्या पुलापलीकडे जाऊन आम्ही त्याला सोडून आलो. आठवड्याने बोका परत आला, पायाचे तळवे सोललेले. आजीने गुपचूप वाटीभर दूध दिलं. महिन्याने मामाने त्याला पुन्हा नेलं, याहून लांब. मग तो आला नाही. त्या घरातलं कुणी दुष्ट नव्हतं. कोकणात नको झालेल्या मांजराचं तेव्हा हेच करायचे. पण सायकलवर माझ्या मांडीला पोत्यातून जे धडधडत होतं, ते मी विसरलेलो नाही.

खोक्यात घालून कंटेनरमागे ठेवणाऱ्याने तरी वेगळं काय केलं होतं? 'सोडणं' सोपं असतं. मला आता 'सोपवणं' शिकायचं होतं.

आपल्याकडे याचा विचार झालाच नव्हता असं मात्र नाही. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा पारशी, हिंदू आणि जैन लोकांनी बाजार बंद केले, दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि इतर शेठ मंडळींनी भुलेश्वरला पांजरापोळ उभी केली. पुढे १८८३-८४ च्या सुमारास सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळला प्राण्यांसाठी इस्पितळ काढलं आणि त्याला आपल्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव दिलं. आजही ते 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणून ओळखलं जातं. पांजरापोळीची कल्पना आसऱ्याची, आत आलेला प्राणी मरेपर्यंत सांभाळायचा. नवीन घर शोधून द्यायची पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली ती युरोपात. लंडनला १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी हरवलेल्या कुत्र्यांसाठी 'तात्पुरतं' घर काढलं. पुढे बॅटरसीला हललेल्या त्या संस्थेने १८८३ पासून मांजरंही घ्यायला सुरुवात केली.

जर्मनीत पहिली प्राणिरक्षण संस्था १८३७ मध्ये श्टुटगार्टला आल्बर्ट क्नाप या धर्मगुरूंनी काढली. आपल्या शेजारच्या फ्रँकफुर्टची १८४१ ची. त्या काळात फ्रँकफुर्टलाच तत्त्वज्ञ शोपेनहाउअर राहायचे. उपनिषदांनी भारावलेल्या या माणसाने आपल्या पूडल कुत्र्याचं नाव ठेवलं होतं 'आत्मा'! नंतर १८८१ मध्ये अशा संस्थांचा देशव्यापी संघ स्थापन झाला, तोही आपल्याच हेसनमध्ये, वीसबाडेनला.

या सगळ्या परंपरेशी माझी गाठ पडली ती फॉर्मच्या रूपाने. इथे सापडलेला प्राणी म्हणजे सापडलेल्या पाकिटासारखाच, तो कळवावा लागतो. कळवल्यापासून सहा महिन्यांत मूळ मालक आला नाही, तर हक्क सापडणाऱ्याचा. तोपर्यंत मांजर दुसऱ्याला कायमचं देता येत नाही, फक्त सांभाळायला देता येतं. निवाऱ्यात जागा नव्हती, म्हणून घर आम्हीच शोधायचं आणि कागदपत्रं त्यांच्यामार्फत करायची असं ठरलं. मग प्रश्नावली आली. घर किती चौरस मीटर? बाल्कनीला जाळी आहे का? मांजर रोज किती तास एकटं राहील? सुट्टीत कोण बघेल? घरमालकाला कळवलंय का? घरात कुणाला अ‍ॅलर्जी? नव्या घरी आधी भेट, मग करार, मग पुन्हा भेट.

खरं सांगतो, मी वैतागलो. मला स्वतःला या देशात यायला इतके प्रश्न विचारले नव्हते. एका मांजरासाठी एवढा कागद?

मांजर घ्यायला तयार झाल्या त्या एबरश्टाटमधल्या एक निवृत्त शिक्षिका. ट्रामने गावाच्या दुसऱ्या टोकाला. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला, नवरा बागकामात रमलेला, घराला मागे अंगण. पहिल्या भेटीत चहा घेताना मी फॉर्मबद्दल कुरकुर केली. बाई हसल्या नाहीत. उठल्या, कपाटातून एक जाड पुस्तक काढलं आणि मे १९४२ चं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं.

ती व्हिक्टर क्लेम्परर यांची रोजनिशी होती. क्लेम्परर ड्रेस्डेनचे भाषांचे प्राध्यापक. जन्माने ज्यू, म्हणून १९३५ मध्ये नोकरी गेली, मग घर गेलं, पत्नी एव्हासह 'ज्यूंच्या घरात' राहायची पाळी आली. एव्हा ज्यू नव्हत्या. त्यांच्याकडे मुशेल नावाचा बोका होता. मे १९४२ मध्ये हुकूम निघाला, की ज्यूंनी आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्यांनी कुत्रा, मांजर, पक्षी, काहीही पाळायचं नाही. आणि त्याच हुकुमात पुढे, की हे प्राणी दुसऱ्या कुणाला सांभाळायलाही द्यायचे नाहीत.

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. पाळायला बंदी, हे एक वेळ समजेल अशी क्रूरता. पण दुसऱ्या घरी द्यायलाही बंदी? शेजारच्या एखाद्या म्हातारीने बोका घेतला असता तर कुणाचं काय बिघडणार होतं? कुणाचंच नाही. म्हणूनच ती बंदी होती. माणसाच्या हातून शेवटची काळजी घ्यायचा हक्कही काढून घ्यायचा होता. प्राणी सरकारजमा होण्याआधी एव्हा क्लेम्परर स्वतः मुशेलला डॉक्टरकडे घेऊन गेल्या आणि त्याला शांतपणे मरण दिलं.

आणि हे करणाऱ्या राजवटीने १९३३ मध्ये प्राणिरक्षणाचा कायदा मोठ्या दिमाखात केला होता, हेही बाईंनी सांगितलं. "कायदा चांगला आहे की नाही एवढं बघून भागत नाही," त्या म्हणाल्या. "कुणाला त्यातून वगळलंय तेही बघावं लागतं."

परतताना मी लगेच घरी गेलो नाही. डार्मश्टाटच्या जुन्या मालधक्क्यापाशी काचेचा एक ठोकळा आहे, २००४ साली उभारलेलं स्मारक. आतल्या काचांच्या तुकड्यांवर माणसांची नावं आहेत. १९४२ च्या मार्चपासून इथून गाड्या भरून ज्यू आणि जिप्सी लोकांना छळछावण्यांकडे पाठवायला सुरुवात झाली, त्यांपैकी काहींची ही नावं. मी ट्राममधून उतरून चालत त्या बाजूने शंभर वेळा गेलो असेन, पण थांबलो नव्हतो. मे महिन्याचा तो हुकूम इथल्या घरांनाही लागू होता. मार्चची गाडी गेल्यावर मागे उरलेल्यांच्या स्वयंपाकघरांतही एखादी मुशेल असेलच की. तिच्यासाठी घर शोधायची मुभा कुणाला नव्हती.

घरी येऊन मी तो फॉर्म पुन्हा काढला. प्रश्न तेच होते. पण आता मला ते वेगळे वाटले. कुणीतरी विचारतंय, की ही कुठे झोपेल, एकटी किती वेळ राहील, तुम्ही आजारी पडलात तर काय. हे विचारायची आणि याचं उत्तर द्यायची मोकळीक असणं, ही काही साधी गोष्ट नाही. या देशाने ती पुन्हा एकेक पायरी चढत मिळवली आहे. १९७२ चा नवा प्राणिरक्षण कायदा, ज्यात प्राण्याला टाकून द्यायला बंदी आहे. १९९० मध्ये दिवाणी कायद्यात प्राणी म्हणजे वस्तू नव्हे, हे कलम आलं. २००२ मध्ये प्राणिरक्षण थेट राज्यघटनेत आलं. आपणही मागे नाही. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून आला, आणि जीवमात्रांवर दया करणं हे १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. कायदे दोन्हीकडे आहेत. बाटल्यांच्या कंटेनरमागचा खोकाही दोन्हीकडे आहे. मधलं अंतर कुणीतरी फॉर्म भरूनच कापावं लागतं.

मी फॉर्म भरला, एकही रकाना मोकळा न ठेवता. 'प्राणी का देत आहात' यापुढे दोन ओळींची जागा होती. मी मागच्या बाजूला अर्धं पान लिहिलं. कुठला आवाज झाला की ती घाबरते, पोटाला हात लावलेला का चालत नाही, रात्री कुणाच्या पायाशी झोपायची सवय आहे, सगळं.

एप्रिलमध्ये झिपरी एबरश्टाटला गेली, आधी सांभाळायला म्हणून. मानेत पंधरा आकडी चिप बसली, नोंदणी झाली. लेकीने तिची वाटी आणि लोकरीचा चेंडू पिशवीत भरून दिला. मास्क लावून तिनेच टोपलीचं दार लावलं आणि ट्राममध्ये टोपली मांडीवर घेऊन बसली. मी समोर बसलो होतो. तिच्या मांडीवरही काहीतरी धडधडत असणार. पण तिला माहीत होतं कुठे चाललोय, आणि पोचल्यावर दार कोण उघडणार. मला आठव्या वर्षी ते माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये सहा महिने पुरे झाले. कुणी मालक आला नाही. करारावर मी सही केली, बाईंनी केली, आणि लेकीने हट्टाने खाली आपलं नाव देवनागरीत लिहिलं. बाईंनी ते चालवून घेतलं. आता महिन्यातून एकदा आम्ही अंगणात भेटायला जातो. मोकळ्या हवेत लेकीला त्रास होत नाही. केस पुन्हा वाढलेत, रोज संध्याकाळी बाई विंचरतात. झिपरीचं नाव मात्र त्यांनी बदललं नाही. 'झि' त्यांना जमत नाही, त्या 'त्सिप्री' म्हणतात. मांजरी दोन्हींना ओ देते. दोन नावांनी जगायची सवय आपल्यालाही आहेच की.

परवा आईला फोटो पाठवला. अंगणातल्या लाकडी बाकावर शेपूट पाठीवर घेऊन बसलेली, देल्ला व्हाल्लेने लिहिल्यासारखी. आईने विचारलं, "हे सातवं का रे?"

मी म्हटलं, "कितवं ते माहीत नाही. पण शेवटचं."

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या आजीने त्या बोक्यासाठी नंतर कितीतरी दिवस मागल्या दारी दूध ठेवलं होतं. तुला सांगितलं नव्हतं कधी."

यंदा दिवाळीला आम्ही फराळाचं एक ताट एबरश्टाटला पोचवणार आहोत. एक पणती तिथल्या अंगणात लावायची असं लेकीने ठरवलंय. वाशिष्ठीपलीकडच्या बोक्याची गोष्टही तिला त्याच दिवशी सांगेन म्हणतो, गोणपाट माझ्याच हातात होतं हे न वगळता.